मुलांचे प्रश्न आणि आपली श्रद्धा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात माजिवडा येथे केलेले भाषण)



मुलांना धर्माचे वळण कसे लावावे, यावर चार शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. पुराण सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि शाळेत आणि घरात मुलांशी बोलण्यातच आमचे आयुष्य गेले. त्यावरून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. श्रद्धा उपदेशाने मुलांत उतरत नाही. मूल प्रश्न विचारते, त्या वेळी आपण काय उत्तर देतो आणि पुढे कसे वागतो, यावरून ती उतरते.

याचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. कोकणातील पालगडच्या त्या माउलीने श्यामपुढे धर्मग्रंथ उघडून ठेवला नाही. स्नानानंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो, तेव्हा ती त्याचा हट्ट पुरविते. आणि लगेच सांगते की, पायांना जपतोस तसाच मनालाही जप. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी पडते, कोणी हात लावीत नाही, तेव्हा ती श्यामलाच मोळी उचलून देण्यास पाठविते. मागाहून स्नान कर, असेही सांगते, कारण काळ तसा होता. पण मोळी आधी, सोवळे मागून! याच श्यामने मे १९४७ मध्ये, विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरास उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. अंगणातले मायलेकरांचे बोलणे कोठवर पोहोचते, हे यावरून समजावे.

थोरांची गोष्ट झाली. आता आपल्यासारख्या साध्या संसारातील दोन प्रसंग सांगतो. आमची कन्या आठ वर्षांची असताना चैत्रात आम्ही एकवीरा आईच्या दर्शनास कार्ल्याला गेलो. आपण आगरी-कोळी मंडळी दरवर्षी जातो. परंतु आईच्या देवळाला लागूनच असलेले बौद्ध लेणे पाहावयास पुष्कळजण थांबत नाहीत. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचा सिंहदत नावाचा सुगंधी द्रव्ये विकणारा, त्याच गावचा सामी नावाचा सुतार, अशी ती साधी माणसे. कन्येने विचारले, "बाबा, त्यांची जात कोणती?" आम्ही म्हणालो, "बाळ, ती लिहिलेली नाही. नाव, गाव, धंदा आणि काय दिले, एवढेच आहे." ती म्हणाली, "म्हणजे देवाच्या दारात तेवढे पुरते!" ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्ञातीने एकमेकांस आधार द्यावा, मुलांच्या शिक्षणास हात द्यावा. मात्र देवाच्या दारात आपली ओळख आपल्या कामाने आणि दानानेच व्हावी.

दुसरा प्रसंग गणपतीतला. एका आप्तांकडे आम्ही प्रसादास गेलो होतो. कन्येने हळूच विचारले, "बाप्पा जेवत नाही, मग त्याला आधी का वाढतात?" आम्ही सांगितले, "आपल्या भुकेआधी दुसऱ्याची आठवण व्हावी म्हणून." तिने क्षणभर विचार केला आणि मागील दाराशी भांडी घासत बसलेल्या बाईंकडे बोट केले: "मग त्या मावशींना सर्वांच्या मागून का?" गृहस्वामिनीच्या कानावर ते पडले. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, पंक्तीत आणखी एक पान मांडले आणि मावशींना हाताला धरून आणून बसविले. त्या दिवशी नैवेद्य खरोखर पोहोचला, असे आम्ही मानतो.

बंधूंनो, हे सांगण्याचे कारण आहे. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली आणि आपला माजिवडा शहरात आला. भातखाचरे होती तेथे उंच इमारती आल्या. द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे मिळतात तेथे मोटारींची रांग हलत नाही. ओटीवर आजीच्या मांडीवर मुलाचे प्रश्न सुटत असत. ती ओटी आता थोड्याच घरांना आहे. मुलांचे प्रश्न मात्र संपलेले नाहीत. आपण ऐकले नाहीत, तर ती ते विचारणे सोडतील. आणि प्रश्न सुटलेल्या घरात पूजा राहील, श्रद्धा राहणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. मुलाने देवाविषयी विचारले, तर "गप्प बैस, असे विचारू नये" म्हणू नका. ठाऊक असेल तेवढे सांगा. ठाऊक नसेल तर तसे म्हणा, त्याने बापाचा मान जात नाही. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर शब्दांत सापडत नाही, त्यासाठी त्या माउलीप्रमाणे उठून आणखी एक पान मांडा. मूल पाहत असते.