मालमत्तेचे मूल्य : जगाची मोजपट्टी आणि वऱ्हाडचा धुरा



ज्या गावाच्या नावातच ‘पेठ’ आहे त्या नांदगाव पेठेत भावाची चर्चा ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु पूर्वी ही चर्चा कापसाच्या भावाची असे. आज ती बहुधा जमिनीच्या भावाची असते. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील या गावालगत अतिरिक्त अमरावती औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, वस्त्रोद्योगाचे कारखाने आले, १,३५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आले. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानांसाठी देशातील सात ठिकाणे निवडली, त्यांत अमरावतीचा समावेश झाला आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते या उद्यानाची पायाभरणी झाली. एक हजार एकरांचे हे उद्यान याच परिसरात आकाराला यावयाचे आहे. ज्या धुऱ्यापलीकडे कालपर्यंत पऱ्हाटी डोलत होती, तेथे आज कारखान्याचे कुंपण दिसते. अशा वेळी धुऱ्याच्या अलीकडील शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : या शेताचे मोल नेमके किती आणि ते ठरविले कोणी?

या साध्या प्रश्नाला एक साधे उत्तर नाही. त्याच शेतासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील वार्षिक दरतक्ता एक आकडा सांगतो, कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकक दुसरा सांगतो, भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्यात तिसराच लिहिलेला असतो आणि चहाच्या टपरीवरील दलाल चौथा बोलून मोकळा होतो. यांपैकी प्रत्येकजण खोटे बोलत असतो असे नाही. दरतक्ता मुद्रांक शुल्कासाठी आहे. बँकेला काळजी असते ती कर्ज थकले तर जमीन विकून काय हाती येईल याची. निवाडा भरपाईसाठी आहे. हेतू बदलला की मूल्यही बदलते. मूल्यांकनशास्त्राचा हा पहिला धडा असून, कोणत्या हेतूने, कोणत्या दिनांकाला आणि कोणत्या गृहीतांवर आकडा काढला हे लिहून ठेवल्यावाचून आकडा सांगू नये, एवढ्यासाठी जगातील मूल्यांककांच्या संस्था गेली चार दशके एकत्र बसत आल्या आहेत.

नांदगाव पेठेचा या संस्थांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो डोळ्यांसमोरच्या धुराड्याइतका जवळचा आहे. येथील वीज केंद्रावरील कर्ज थकले, तेव्हा २०१९-२० या वर्षात सुमारे ६,५७४ कोटी रुपयांच्या कर्जाचा निपटारा ४,०५० कोटींच्या आसपास करण्यात आला आणि त्यासाठी पैसा पुरविणाऱ्यांत गोल्डमन सॅक्स व वर्दे पार्टनर्स या अमेरिकेतील गुंतवणूक संस्था होत्या. ज्यांना अमरावतीची वाटही ठाऊक नसेल अशा माणसांना येथील जमीन, यंत्रे आणि वीजविक्रीचे करार यांची किंमत कागदावर वाचून निर्णय घ्यावा लागतो. सात समुद्रांपलीकडील वाचकाला तो कागद समजावा, पटावा आणि हवा तर तपासता यावा, यासाठी दोन्हीकडे शब्दांचे अर्थ एकच असावे लागतात.

हा विचार वऱ्हाडला अगदीच परका नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीन पाहणी सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३० नंतरच्या दशकात इंदापूर भागात घडविली व १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम लिहून काढले. शेतात ठिकठिकाणी खणून मातीची खोली हाताने मोजावयाची, रंग व पोत पाहावयाचा आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतच्या नऊ प्रतींत जमीन बसवावयाची. चुनखडी निघाली, रेती निघाली, उतार असला किंवा पाणी साचत असले तर प्रत खाली जाई. या प्रत्येक दोषाला ठराविक खूण होती. प्रतबंदी करणाऱ्याने शेताचा छोटा आराखडा काढून त्यात या खुणा मांडल्या की दुसरा अधिकारी त्याच शेतात उभा राहून पहिल्याचे काम पडताळू शके. ही पाहणी सारा ठरविण्यासाठी होती, बाजारभावासाठी नव्हती. आणि परक्या सरकारचा तिच्यातील हेतू काय होता हेही सर्वांना ठाऊक आहे. तरीही एकाने काढलेला आकडा दुसऱ्याला तपासता आला पाहिजे, हे तत्त्व वऱ्हाडच्या काळ्या मातीत त्या वेळीच रुजले. आणेवारी हा शब्द पुढे पिकाच्या अंदाजाला चिकटला आणि आता त्याची पैसेवारी झाली आहे, एवढाच फरक.

बाजारमूल्याची व्याख्या मात्र न्यायालयांत घडली आणि तिचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलजवळची स्पेन्सर नावाच्या गृहस्थाची जमीन सरकारने किल्ल्यासाठी घेतली. तेथील उच्च न्यायालयाने १९०७ मध्ये सांगितले की, विकण्यास राजी परंतु अडलेला नसलेला विक्रेता आणि घेण्यास राजी परंतु उतावीळ नसलेला ग्राहक यांच्यात जो सौदा होईल, ती त्या जमिनीची किंमत. पुढे विशाखापट्टणमच्या बंदराजवळील एका जमीनदाराची जमीन हिवतापाच्या निर्मूलनासाठी घेण्यात आली. त्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता. त्या पाण्याला गिऱ्हाईक असे बंदराखेरीज फारसे कोणीच नव्हते; मग त्याचे मोल धरावयाचे की नाही? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये निर्णय दिला की धरावयाचे. जमिनीत जी शक्यता दडलेली आहे तिची किंमत मालकाला मिळाली पाहिजे, मग ती शक्यता वापरणारा एकमेव ग्राहक जमीन घेणारी संस्थाच का असेना. राष्ट्रकुलातील अनेक देशांच्या न्यायालयांत हा निवाडा ‘भारतीय खटला’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडील एका झऱ्याने जगाच्या मूल्यांकनशास्त्राला दिलेली ही देणगी इकडे फार थोड्यांना ठाऊक असावी, ही खेदाची गोष्ट होय.

संघटित सहकार्य पुढे आले ते ठेच लागल्यावर. १९७३-७४ मध्ये इंग्लंडमधील मालमत्तेचा बाजार कोसळला, बँका अडचणीत आल्या आणि कालच फुगवून लिहिलेली मूल्यांकने उघडी पडली. तेथील १८६८ मध्ये स्थापन झालेल्या सर्वेक्षकांच्या संस्थेने त्यानंतर मानके लिहावयास घेतली. १९८१ मध्ये निरनिराळ्या देशांच्या संस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय समिती स्थापन केली. आज ती आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानक परिषद या नावाने काम करते. तिची पहिली मानके १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली व सध्याची आवृत्ती ३१ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. अमेरिकेतही बचत व कर्ज संस्थांचे दिवाळे निघू लागल्यानंतर १९८७ मध्ये मूल्यांकनाची मानके ठरविणारे प्रतिष्ठान उभे राहिले. इमारत मोजण्याची पद्धत देशोदेशी वेगळी म्हणून त्यासाठीही २०१३ मध्ये निरनिराळ्या संस्थांची आघाडी झाली. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप यांच्या घोळात ज्याने घर घेतले आहे, त्याला या आघाडीची गरज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

भारतात मूल्यांककांची संस्था १९६८ मध्ये स्थापन झाली. पुढे संपत्ती कराच्या कायद्याने नोंदणीकृत मूल्यांकक ही व्यवस्था आणली. तो कर २०१५ मध्ये रद्द झाला. परंतु २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २४७ आणि त्याखालील २०१७ चे नियम यांनी या व्यवसायाला नवा पाया मिळाला. या नियमांत एक लक्षणीय तरतूद आहे. केंद्र शासन स्वतःची मानके अधिसूचित करीपर्यंत मूल्यांककाने आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेल्या मानकांनुसार किंवा नोंदणीकृत मूल्यांकक संघटनेने स्वीकारलेल्या मानकांनुसार काम करावे, असे ते नियम सांगतात. दूर देशातील एका समितीच्या टेबलावर ठरलेला शब्द अशा रीतीने अमरावतीच्या मूल्यांककाच्या अहवालात कायद्याच्या वाटेने येऊन बसला.

पण येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे नियम कंपन्यांच्या आणि दिवाळखोरीच्या कामांना लागू आहेत. शेतकऱ्याची जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली जाते तेव्हा तिची किंमत जिल्हाधिकारी ठरवितात आणि ती २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ठरते. कारखान्याचे कर्ज विकत घेणाऱ्याला जो तपशीलवार अहवाल मिळतो, तसा अहवाल कारखान्यासाठी जमीन देणाऱ्याच्या हाती पडत नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने जमिनीच्या हक्कांविषयी जी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली, त्यांत मूल्यांकन न्याय्य, वेळेवर आणि उघड असावे व जमिनीच्या सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक मूल्यांचाही विचार व्हावा असे म्हटले आहे. धुऱ्यावरच्या मारुतीचे मोल कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हे मात्र अजून कोणत्याही मानकाला सापडलेले नाही.

आकड्यामागचे गणित उघड नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधावयास पश्चिम विदर्भाबाहेर जाण्याचे कारण नाही. पाटबंधारे प्रकल्पांसाठी २००६ ते २०१३ या काळात ज्या शेतकऱ्यांनी सरळ खरेदीने जमिनी दिल्या, त्यांची मोबदला कमी मिळाल्याची तक्रार वर्षानुवर्षे धुमसत राहिली. आंदोलने मुंबईपर्यंत गेली आणि अखेर २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यांच्यासाठी सानुग्रह अनुदानाचा निर्णय घेतला. सौदा संमतीचा होता. पण संमती देताना समोरच्या आकड्याची फोड हाती नसली, तर ती संमती मागाहून सलत राहते.

२०१३ च्या कायद्यातील कलम २६ ची फोड म्हणून समजून घेणे अगत्याचे आहे. मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला दर, जवळपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम या तिहींपैकी जी सर्वांत जास्त ती धरावयाची. सरासरी काढताना मागील तीन वर्षांची खरेदीखते घ्यावयाची आणि त्यांपैकी चढ्या किमतीची निम्मी खतेच हिशेबात धरावयाची. ग्रामीण भागात या रकमेला एक ते दोन यांच्या दरम्यानचा गुणक लागतो. त्यात विहीर, झाडे, बांधकाम यांची किंमत मिळवावयाची आणि जी बेरीज होईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून पुन्हा द्यावयाची. समजा, सरासरी एकरी दहा लाख रुपये निघाली आणि गुणक दोन आहे. तर वीस लाख आणि दिलासा धरून चाळीस लाख होतात. आता समजा, परिसरातील व्यवहार दहा लाखांचेच झाले, परंतु मुद्रांक शुल्काचे काही हजार वाचविण्यासाठी खरेदीखतांत सहा लाखच लिहिले गेले आणि दरतक्ताही त्याच्या वर नाही. मग निवाडा चोवीस लाखांवर थांबतो. एकरी सोळा लाख रुपये गेले. आणि गंमत अशी की, ते गेले ज्याने खोटे खत केले त्याचे नव्हे, शेजाऱ्याचे. जगातील कोणतेही मानक ही तूट भरून काढू शकत नाही, कारण मानक हे केवळ माप आहे. मापात घालावयाचे धान्य तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातूनच यावे लागते.

म्हणून अधिसूचनेची वाट न पाहता काही कागद घरी असलेले बरे. सातबाऱ्यावर विहीर, ओलीत आणि फळझाडे यांची नोंद आहे काय हे पाहून ठेवावे; संत्र्याची बाग प्रत्यक्षात उभी आणि कागदावर कोरडवाहू, अशी अवस्था असेल तर ती आधीच दुरुस्त करून घ्यावी. शेजारच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन दुय्यम निबंधकाकडून मिळू शकते. निवाडा झाल्यावर त्याची प्रत घेऊन त्यात कोणती खरेदीखते धरली व कोणती वगळली, हे क्रमांकानिशी तपासावे. रक्कम मान्य नसेल, तर कलम ६४ खाली प्रकरण प्राधिकरणाकडे पाठविण्याविषयी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी खातेदार स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर असेल, तर त्याची मुदत निवाड्याच्या दिनांकापासून सहा आठवडे आहे. हजर नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी आधी संपेल ती.