ग्रझ : शेतकऱ्याच्या घराचा चित्रकार

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये दरबारातील मानकऱ्यांप्रमाणे चित्रांच्याही पायऱ्या ठरलेल्या होत्या. पुराणे, बायबल आणि प्राचीन इतिहास यांतील थोर प्रसंग रंगविणारा चित्रकार सर्वांत वरच्या पायरीवर. व्यक्तिचित्रे, निसर्गदृश्ये, फळाफुलांची चित्रे आणि सामान्य माणसांच्या घरगुती जीवनाची चित्रे ही सारी त्याच्या खाली. १६४८ साली स्थापन झालेल्या राजकीय चित्र-शिल्प अकादमीने ही उतरंड कसोशीने जपली होती. अकादमीत प्राध्यापकाचे पद मिळे ते इतिहासचित्रकारालाच. झां-बातिस्त ग्रझ या चित्रकाराचे यश आणि त्याचे दुःख ही दोन्ही या उतरंडीतून उद्भवली.

ग्रझचा जन्म १७२५ साली बर्गंडीतील तूर्न्यू या लहानशा गावी झाला. वडील घरे शाकारण्याच्या धंद्यातले. लियाँ येथे चित्रकलेचे प्राथमिक शिक्षण घेऊन तो पॅरिसला आला. १७५५ साली अकादमीने त्याला उमेदवार सभासद म्हणून स्वीकारले आणि त्याच वर्षी तिच्या ‘सालाँ’ या सार्वजनिक प्रदर्शनात त्याचे एक चित्र झळकले. घरातला कर्ता पुरुष मुलाबाळांना बायबल समजावून सांगत आहे, एवढाच त्याचा विषय. त्यानंतर तो इटलीत गेला. तरुण चित्रकारांनी तेथे जावे ते प्राचीन अवशेष आणि जुने आचार्य पाहून थोर विषयांकडे वळण्यासाठी. ग्रझने मात्र रोममध्ये बसून रंगविली ती फुटलेल्या अंड्यांची टोपली आणि तिच्याशेजारी खिन्न बसलेली मुलगी.

१७६१ च्या सालाँमध्ये ‘गावची नवरी’ हे त्याचे चित्र आले आणि त्याच्यापुढे प्रेक्षकांची दाटी झाली. शेतकऱ्याचे साधे घर. म्हाताऱ्या बापाने हुंड्याची थैली नुकतीच जावयाच्या हाती दिली आहे. नवरीचा एक हात भावी पतीच्या हातात गुंतला आहे, तर दुसरा आईने धरून ठेवला आहे. बाजूला लेखनिक कराराचा कागद तयार करीत आहे, आणि पुढे जमिनीवर कोंबडी आपल्या पिलांसह दाणे टिपीत आहे. एकंदर बारा माणसे. पण प्रत्येकाच्या मुद्रेवर त्या क्षणाचा निराळा अर्थ उमटलेला. राजाच्या बांधकाम खात्याचा प्रमुख मार्की द मारीन्यी याने ते चित्र विकत घेतले. तत्त्वज्ञ दीद्रो तर ग्रझचा कैवारीच झाला. चित्राने नुसते डोळे सुखवू नयेत, मनाला सन्मार्गही दाखवावा, असे त्याचे मत होते. ते या चित्रांत त्याला साकार झालेले दिसले. १७६३ साली प्रदर्शित झालेले, पक्षाघाताने खिळलेल्या वृद्धाची सेवा करणाऱ्या कुटुंबाचे चित्र पुढे रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्या संग्रहात गेले.

एवढ्या कीर्तीनंतरही ग्रझच्या मनाला एक सल होता. पूर्ण सभासदत्वासाठी अकादमीला एक चित्र सादर करावे लागे. ते त्याने वर्षानुवर्षे दिले नाही. अखेर १७६७ साली अकादमीने त्याला सालाँची दारे बंद केली. ग्रझने मनाशी ठरविले की, द्यायचे ते इतिहासचित्रच द्यायचे. विषय निवडला रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा. आपल्याला मारू पाहणाऱ्या कॅराकॅला या मुलाला सम्राट बिछान्यावरून जाब विचारीत आहे, असा तो प्रसंग. त्यासाठी त्याने प्राचीन शिल्पांचा आणि पूसँ या पूर्वसूरीच्या चित्रांचा कसून अभ्यास केला.

२३ ऑगस्ट १७६९ रोजी ते चित्र अकादमीपुढे ठेवण्यात आले. सभासदांचा विचार होईपर्यंत ग्रझ बाहेर थांबला होता. नंतर त्याला आत बोलावून संचालकांनी सांगितले की, अकादमीने त्याला सभासद करून घेतले आहे, परंतु लोकजीवनाचा चित्रकार म्हणून; त्याची पूर्वीची कामे उत्तम असल्याने या चित्राकडे तिने कानाडोळा केला आहे. मान मिळाला, पण तो अपमानाच्या ताटात वाढलेला. त्यातच दीद्रोनेही या चित्राबाबत त्याची बाजू घेतली नाही. संतापलेल्या ग्रझने अकादमीच्या प्रदर्शनांवर कायमचा बहिष्कार घातला आणि आपली चित्रे तो स्वतःच्याच चित्रशाळेत लोकांना दाखवू लागला.

तेथेच त्याची खरी परीक्षा झाली आणि तो तीत उतरला. १७७७-७८ च्या सुमारास त्याने ‘पित्याचा शाप’ आणि ‘शिक्षा झालेला पुत्र’ ही जोडचित्रे पूर्ण केली. पहिल्यात सैन्यात भरती होऊन निघालेल्या मुलाला बाप हात उगारून शाप देत आहे. दुसऱ्यात तोच मुलगा परत येतो, तो बाप गेल्यावर. येथेही बाप आणि मुलगा यांचाच संघर्ष आहे. परंतु रोमन सम्राटाच्या शयनगृहात जे भव्य कारुण्य ग्रझला साधले नाही, ते शेतकऱ्याच्या खोलीत सहज अवतरले आहे. अकादमीने ज्या पायरीवर त्याला बसविले, तिच्यावर बसूनच त्याने वरच्या पायरीचे काम केले.

त्याचे दोषही नाकारण्याजोगे नाहीत. भावनेचा अतिरेक होऊन त्याची पात्रे कधी कधी नटांसारखी वाटतात. फुटलेली घागर घेतलेल्या किंवा मेलेल्या पाखरासाठी रडणाऱ्या त्याच्या मुलींच्या निरागसतेत कृत्रिमपणाची झाक आहे. उत्तरायुष्यही सुखाचे गेले नाही. १७९३ साली पत्नीशी घटस्फोट झाला. राज्यक्रांतीच्या धुमाळीत गाठीची पुंजी गेली. ज्या अकादमीने त्याला दुखविले, तीही त्याच वर्षी बरखास्त झाली. लोकांची अभिरुची आता दाव्हिदच्या कठोर, वीरश्रीयुक्त चित्रांकडे वळली होती. मार्च १८०५ मध्ये ग्रझ दारिद्र्यातच निवर्तला.

आज ‘गावची नवरी’, ‘पित्याचा शाप’ आणि ते नाकारलेले रोमन चित्र ही तिन्ही पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाच्या मालकीची आहेत. पायऱ्या गेल्या, त्या ठरविणारेही गेले. राहिले ते त्या साध्या घरातले म्हातारे आईबाप आणि सासरी निघालेली त्यांची लेक. त्यांच्यामुळेच ग्रझचे नाव उरले. आयुष्यभर त्याला ज्या कामाचा मोठेपणा पुरेसा वाटला नाही, तेच त्याचे मोठे काम ठरले.