जुनी गाडी, नवी गाडी आणि अ‍ॅव्हरेजचा हिशेब

जबलपूरला आमच्या कॉलनीत दूध घालणारा एक मुलगा आहे. परवा फाटकाशी थांबून म्हणाला, "साहब, यह बेच दूँ? नई वाली का अ‍ॅव्हरेज बहुत है." त्याची गाडी 15 वर्षांची, 100 सीसी, कार्बोरेटरवाली. लिटरला 45 देत होती. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसाठी महिना 3,000 चा हप्ता भरायला तो तयार होता. मी म्हटलं, थांब, आधी मोजू.

मोजायची पद्धत सोपी. गाडी मेन स्टँडवर, टाकी गळ्यापर्यंत, किलोमीटर लिहून ठेवायचे. दोन-अडीचशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, तशीच उभी करून पुन्हा गळ्यापर्यंत. वीस किलोमीटरवर काढलेला आकडा कोणाला सांगू नका.

आता फरक कुठे पडतो? पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. कार्बोरेटर हे प्रमाण जेटच्या भोकावर साधतो. भोक ठरलेलं, हवा मात्र बदलते. लेहला 3,500 मीटरवर हवा विरळ. खालच्या जेटवर आलेली गाडी तिथे काळा धूर सोडते, चढावर दम टाकते. आम्ही ते भोगलंय. इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा अंदाज घेतात, सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर उरलेला ऑक्सिजन कळवतो, आणि कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेला, तो मुख्यतः धुरापायी.

पण जबलपूर म्हणजे लेह नव्हे. चारशे मीटरवरचं गाव. आणि लष्कराचे ट्रक बनवणाऱ्या या शहरात जाणत्या हातांची वानवा नाही. मेकॅनिकने गाडी उघडली. एअर फिल्टर मातीने बुजलेला, चोक अर्धा अडकलेला, मागचा ब्रेक घासतोय, टायरात हवा कमी, फ्लोटच्या वाटीत गाळ. सगळं साफ करून एअर स्क्रू लावला. खर्च 700 रुपये. पुन्हा मोजलं: 57.

मग शेजाऱ्यांची नवी गाडी त्यालाच चालवायला दिली, तोच रस्ता, तेच दुधाचे कॅन. 63 आले. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर फरक पावणेदोन लिटरचाही नाही. लिटर 110 रुपये धरा, दोनशेच्या आतच. त्यासाठी 3,000 चा हप्ता?

जुनीच्या विरुद्ध एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि जळायला हवाही कमी लागते. इंजेक्शन पेट्रोल वाढवून जुळवून घेतं. कार्बोरेटरला हे कळतच नाही. मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. जुने रबरी पाइप आणि वॉशरही त्याने खराब होतात. म्हणून पाइप बदलायला लावले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

मुलाने गाडी ठेवली. आता कॅन बांधायला त्याने नवी, चांगली वजनदार लोखंडी चौकट बसवून घेतलीय. तिने किती खाल्लं, ते पुढच्या महिन्यात मोजणार आहोत.