न थांबणारा ड्रायर

आषाढ-श्रावणांत अंधेरी-बोरिवलीकडे वलणीवरचे कपडे लवकर वाळत नाहींत. म्हणून कित्येक घरीं विजेचा ड्रायर आला आहे. तो थांबेनासा झाला, तर प्रथम स्विच बंद करावा आणि कपडे हातीं घेऊन पाहावे. ते ओलेच असतील, तर बहुधा जाळींत कपड्यांचे तंतू साचून दमट हवेची वाट बुजलेली असते; मग ओलावा जाणणारा संवेदक यंत्रास थांबूं देत नाहीं. जाळी दर खेपेस झाडावी. कपडे खडखडीत वाळूनही ड्रम फिरत राहिला, तर दोष टायमरचा किंवा संवेदकाचा समजावा. तेथें जाणत्या कारागिरासच बोलवावें. आणि यंत्र चालू ठेवून निजूं नये. तापलेले तंतू पेट घेऊं शकतात.