डाग आणि तुटलेला ताणा

भिवंडीजवळच्या आमच्या दापोड्यात भातशेतीच्या जागी आता गोदामं उभी आहेत. पण भिवंडी म्हटलं की कानात अजून मागांचा खडखडाटच घुमतो. म्हणून आजचा विषय कापडावरूनच सांगतो.

मागावरून उतरलेला ताका उजेडात धरून तपासतात. तेलाचा डाग असेल तर तो बहुधा धुण्यात जातो. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटलेले असतील, तर मात्र कापड तिथेच फाटतं. वाङ्मयातल्या अनीतीवर बोलताना हे दोन दोष आपण एकाच मापाने मोजतो. माझी तक्रार आहे ती हीच.

विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक घ्या, १९७२ सालचं. सखाराम टाकलेल्या बायका घरी आणतो, शिव्या देतो, मारतो. प्रयोग रोखले गेले, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, तेव्हा नाटक पुन्हा उभं राहिलं. त्याच घरात मुंगळ्याशी बोलणारी देवभोळी लक्ष्मी आहे, आणि शेवटी सखारामाने जीव घेतलेल्या चंपाचं, त्याने घरी आणलेल्या दुसऱ्या बाईचं, प्रेत पुरायला त्याला धीर देते तीही लक्ष्मीच! तेंडुलकर कुणालाच सावरून घेत नाहीत. अनीती पात्रांची आहे, लेखकाची नजर खरी आहे. हा डाग झाला. ताणा शाबूत आहे.

आता राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक, १९१९ सालचं. वकील सुधाकराची घसरण किती घट्ट विणली आहे! सनद जाते, अपमान जिव्हारी लागतो, दारुडा तळीराम दारूचा पेला पुढे करतो. पण त्याची बायको सिंधू? पोटचं मूल नवऱ्याच्या हातून जातं, तरी मरताना ती त्यालाच वाचवू पाहते. तिला संताप येतो का, हे नाटक विचारतच नाही. आपण तिला हात जोडतो आणि पुढे जातो. नाटक थोर आहे, पण ज्या पात्राला आपण सर्वांत सोज्ज्वळ म्हणतो, तिथेच वीण विरळ झाली आहे.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: पात्र वाईट असल्याने कलाकृती उणी होत नाही. लेखकाने माणूस अर्धाच पाहिला, तर नीतीही उणी पडते आणि कलाही. 

एवढंच करा: पुस्तकाला वाईट म्हणण्याआधी ते पुरतं वाचा. ताका पूर्ण उलगडल्याशिवाय नापास करू नका.