हमी आधी, जाहिरात मागाहून

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना 1 जुलै 2021पासून स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे कमावण्याची मुभा मिळाली. 2025च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे पक्क्या शिष्यवृत्तीचं विद्यापीठ निवडावं की मोठ्या रकमेचं, हा पेच तिथं अठराव्या वर्षी पडतो. आपल्याकडेही तो येऊ घातला आहे, आणि मी शिष्यवृत्तीच्या हमीच्या बाजूने आहे. 1952 साली कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. या गोष्टीचं आपण अजून कौतुक करतो. पण प्राचार्यांवर घर गहाण टाकायची वेळ यावी, याचा अर्थ खेळाडूसाठी व्यवस्थेकडे कसलीच तजवीज नव्हती. पुढे 72 वर्षांनी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. तो 2015पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरी लागली तेव्हा वय विशीच्या आसपास, म्हणजे कॉलेजच्या मुलाचंच. कोटींची बक्षिसं पदकानंतर जाहीर झाली. त्याआधीची 9 वर्षं महिन्याचा पगार होता. 50 मीटर रायफलमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरणाऱ्या मुलाकडे त्या काळात कोणता जाहिरातदार फिरकणार होता?

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. खेळाडूची उमेदीची वर्षं थोडी, घरात अडचण. मग आज हाती येणारा पैसा त्याने का सोडावा? सोडू नयेच. जाहिरात जरूर करावी. फक्त ती शिष्यवृत्तीच्या जागी येऊ नये. जाहिरात नाव झालेल्याला मिळते, आणि नाव होण्याआधीचाच काळ खेळाडूच्या खर्चाचा असतो. दुसरा आक्षेप असा, की हमी मिळाली की मुलं सुस्तावतात. पक्क्या पगाराच्या 9 वर्षांनी तर ऑलिंपिकचं पदक दिलं. संघातली जागा दरवर्षी कमवायला लावा, पण वसतिगृहाची खोली त्या जागेला बांधू नका.

मात्र कागदावरची प्रत्येक हमी खरी नसते. अमेरिकेत 1973पासून जवळजवळ चार दशकं शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. प्रशिक्षकाची मर्जी फिरली की विषय संपला. आपल्या सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेतही खेळाडूसाठी वर्षाला 6 लाख 28 हजारांची तरतूद आहे (त्यातले 1 लाख 20 हजार हातखर्चाला), पण कामगिरीचा आढावा होतो आणि मागे पडलेल्यांना वगळलं जातं. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेली मुलगी त्या वर्षी मागे पडणारच, आणि तिला आधाराची गरज नेमकी त्याच वर्षी असते. म्हणून हमी पदवीपर्यंतची हवी: फी, खोली, मेस आणि शस्त्रक्रियेचा खर्च. पुण्यातली महाविद्यालयं राष्ट्रीय पदक आलं की फाटकावर फ्लेक्स लावतात. पदवीपर्यंतच्या हमीचा मजकूरही त्यांनी खेळाडूच्या प्रवेशपत्रावर सही-शिक्क्यानिशी द्यावा, आणि तो प्रवेशाच्या दिवशीच द्यावा.