शून्यापासून मोजणी

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांनी या हॉलमध्ये उभा आहे. १९७५ची आपली तुकडी, नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी. जुने अकरावीवाले आपल्याला 'एक वर्ष फुकट सुटलेले' म्हणायचे. त्या फुकट मिळालेल्या वर्षाचा हिशेब आज द्यायची वेळ आली आहे असं दिसतं.

संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयुष्यभर मुंबईच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलंस आणि इथे वसईत रविवारची मिस्साही चुकवली नाहीस. दोन्ही एकत्र कसं जमवलंस ते बोल." मघाशी चहाच्या वेळी आपल्यापैकीच एकाने मला बाजूला घेतलं. नाव सांगत नाही. त्याचा नातू इंजिनीअरिंगला गेल्यापासून चर्चला येत नाही. म्हणतो, आजोबा, सगळं फिजिक्समध्ये आहे, देव कशाला? मित्र मला म्हणाला, "तू त्याला एखादा पक्का पुरावा दे ना."

मित्रा, पुरावा माझ्याकडे नाही. एकदा मी तो देऊन बसलो होतो, त्याची गोष्ट आधी सांगतो.

नवीनच लेक्चरर झालो होतो. आपल्या धर्मग्रामात तरुणांचं शिबिर होतं. मी फळ्यावर विश्वाच्या प्रसरणाची आकृती काढली आणि ठणकावून सांगितलं, "विश्वाला सुरुवात होती हे विज्ञानाने सिद्ध केलं. म्हणजे बायबलमधली उत्पत्ती सिद्ध झाली!" टाळ्या पडल्या. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, उद्या शास्त्रज्ञांनी सिद्धांत बदलला तर आपण देव पण बदलायचा का?" मी हसून विषय टाळला. त्या दिवशी टाळ्या मला मिळाल्या, पण खरा प्रश्न त्याचा होता.

पुढे वाचनात आलं की नेमकी हीच गोष्ट माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाच्या बाबतीत घडून गेली होती. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू आणि लूव्हाँ विद्यापीठातले प्राध्यापक. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडलं. १९३१ साली त्यांनी आदिम अणूची कल्पना मांडली. आज आपण जिला महास्फोट म्हणतो त्या सिद्धांताचं मूळ तिथे आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या खगोलशास्त्राचा आधार घेऊन विश्वनिर्मितीकडे बोट दाखवलं. आता लमेत्रना आनंदच व्हायला हवा होता, नाही का? स्वतःचा सिद्धांत, स्वतःचे पोप! पण ते अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं होतं की हा सिद्धांत धर्माच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. त्याची पारख निरीक्षणांनीच व्हायला हवी. त्यांनी आपली अडचण रोमपर्यंत पोचवली. पुढच्या वर्षी पोप जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलले, तेव्हा त्यांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

हे वाचलं तेव्हा मला ते शिबिर आठवलं. आणि त्यानंतर घडलेला एक प्रसंगही आठवला. तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. साधा लंबक, त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. मुंबईत ते सुमारे ९७८ यायला हवं, सेंटिमीटरमध्ये. हे सगळ्या मुलांना पाठ असतं, त्यामुळे सगळ्यांचं ९७८ किंवा ९८० येतं. घड्याळ बिघडलेलं असलं तरी येतं! सायन्सवाले हसताहेत, म्हणजे तुम्हीही तेच केलंय.

एका मुलीचं उत्तर १०८४ आलं. आपल्याच भागातली मुलगी, पहाटेची लोकल पकडून येणारी. जर्नल तपासताना मी म्हटलं, "हे काय? आकडे जरा नीट कर आणि उद्या सही घे." नीट कर म्हणजे काय, ते तिला कळलं. ती क्षणभर थांबली. मग हळूच म्हणाली, "सर, रविवारी चर्चमध्ये वाचन करतात ते तुम्हीच ना?"

एवढंच. वर्गात पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो.

मी जर्नल बंद केलं. म्हटलं, "उद्या पुन्हा करू. मी शेजारी उभा राहीन." दुसऱ्या दिवशी तिने लंबक सोडला, स्टॉपक्लॉक दाबलं आणि त्याच क्षणी मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन... वीसला घड्याळ थांबवलं. चूक तिथेच होती! घड्याळ सुरू होतं तेव्हा एकही आंदोलन झालेलं नसतं. तिथे 'शून्य' म्हणायचं असतं. तिने एकोणीस आंदोलनांचा वेळ घेतला होता आणि भागला होता विसाने. लांबी बदलली तरी चूक तीच, त्यामुळे आलेख अगदी सरळ रेषेत, आणि उत्तर मात्र शेकडा दहा-अकरांनी जास्त. शून्यापासून मोजल्यावर ९८१ आलं.

विचार करा, तिने माझं ऐकून आकडे 'नीट' केले असते, तर ती चूक आयुष्यभर तिच्याबरोबर राहिली असती. ती सापडली, कारण १०८४ कागदावर तसंच राहिलं होतं.

त्या रात्री वसईच्या गाडीत मला उमगलं की शिबिरात मी जे केलं आणि प्रयोगशाळेत जे करायला सांगितलं, ते एकच पाप होतं. उत्तर आधी ठरवायचं आणि मग आकडे त्याला जुळवायचे. चर्चमध्ये मी विज्ञानाचे आकडे जुळवले, कॉलेजात लंबकाचे.

आपल्याच देशातली दोन नावं सांगतो. कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों फिजिक्स शिकवायचे. जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर सांतापाव खंडाळ्याच्या घाटात झाडं गोळा करत हिंडले, त्यांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. दोघेही येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी गोळा केलेल्या झाडांच्या कागदांवर धर्माचं काही लिहिलेलं नसतं. जात, जागा आणि तारीख असते. ती खरी असते, त्यांची श्रद्धा मला तिथे दिसते.

म्हणून कॅथोलिक कॉलेजांत 'श्रद्धा आणि विज्ञान' असं वर्षातून एक व्याख्यान ठेवून भागेल असं मला वाटत नाही. जर्नलमध्ये चुकलेलं रीडिंग लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नका, आधी तिथून सुरुवात करा. गॅलिलिओचं नाव निघालं की घाईने पुढे सरकू नका. १६३३ साली चर्चने त्याला दोषी ठरवलं हे स्वच्छ सांगा, आणि १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती चूक उघडपणे मान्य केली हेही सांगा. आपल्याकडे प्रायश्चित्त संस्कार आहे. चूक बोलून दाखवल्याशिवाय सुटका नाही, हे आपल्याला कॉलेजच्या आधीपासून शिकवलेलं आहे. आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना हेही विचारा, की तू बनवलेलं यंत्र कुणाच्या पोटावर पाय देणार आहे का? हा प्रश्न फिजिक्स विचारत नाही. तो माणसाला विचारावा लागतो.

मित्रा, तुझ्या नातवाला पुरावा देऊ नकोस. त्याचा प्रश्न खरा आहे, त्याला खोटं उत्तर नको. त्याच्याबरोबर बस, तो काय शिकतो ते ऐक. तुला काय कळत नाही ते सांग, आणि तरी तू चर्चला का जातोस तेही सांग. लगेच ९७८ येणार नाही. येऊ दे काय येईल ते.

ती मुलगी आज कॅन्सरच्या रुग्णालयात आहे. किरणोपचाराच्या यंत्रातून रुग्णाला नेमका किती डोस जातो ते मोजणं हे तिचं काम. तिथे आकडे 'नीट' करून चालत नाही.

आणि शेवटी, सिस्टर, तुमच्याकडे बघून बोलतो. आठवीत तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला होता. आम्ही सगळ्यांनी पुस्तकातली सुबक आकृती उतरवून काढली. तुम्ही वही परत दिलीत आणि म्हणालात, "दिसतं तेवढंच काढा, बाळांनो." पुढच्या तासाला तुम्हीच आम्हाला धर्मशिक्षण द्यायचात. मी ते दोन तास वेगळे समजत होतो. तुमच्यासाठी तो एकच तास होता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

सिस्टर, वही आता पुन्हा आणली आहे. तपासून द्या.